एक्सपंज झालेली (पुसलेली) केस सिटिझनशिपच्या एन-४०० फॉर्ममध्ये सांगायची का? (न्यू जर्सी, जुनं शॉपलिफ्टिंग)

ओली_माती | ९ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा आयडी मुद्दाम नवा काढलाय, का ते खाली कळेलच. कोणी ओळखलंत तरी प्लीज नाव घेऊ नका, एडिसन-इसेलिनमधले आपण सगळे गणपतीत एकाच रांगेत प्रसादाला उभे असतो.

झालं असं की नोव्हेंबर २०१७ मध्ये मुलगा सात महिन्यांचा होता, बाळंतपणाला आलेली आई नुकतीच परत गेलेली, नवरा सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे. मी एका मोठ्या दुकानात गेले, सेल्फ चेकआउटला उभी राहिले. कार्टवर कार सीट, त्यात हा रडतोय. वरचं सगळं स्कॅन केलं, खालच्या रॅकवर डायपरचं मोठं खोकं आणि त्यावर दोन ब्लँकेटं होती ती राहिली. खरं सांगू? मी विसरले, की खाली काहीतरी आहे हे अर्धवट माहीत असून तशीच पुढे सरकले, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एकूण ९४ डॉलरचा माल. दाराशी सिक्युरिटीवाल्याने थांबवलं, मागच्या खोलीत नेलं, पोलीस आले, स्टेशनवर मशीनच्या काचेवर दहाही बोटांचे ठसे घेतले, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हाताची बोटं तो माणूस एकेक करून दाबतोय.

मग म्युनिसिपल कोर्टाचं समन्स. जाहिरात बघून एक वकील केला, बहुतेक स्पीडिंग तिकिटं करणारा. त्याने कंडिशनल डिसमिसल घेऊन दिलं. ७५ डॉलर फी, एक वर्ष नीट वागायचं, मग केस डिसमिस. जानेवारी २०१९ ला ती झाली. पुढे त्यानेच एक्सपंजमेंटचा अर्ज केला आणि २०२० मध्ये कोर्टाची ऑर्डर आली. तेव्हा त्याचं वाक्य होतं, आता कायद्याने असं काही घडलेलंच नाही, कोणी विचारलं तर खुशाल नाही म्हण.

ग्रीन कार्ड २०१४ चं आहे. आता सिटिझनशिपचा ऑनलाइन फॉर्म भरतेय आणि त्या प्रश्नावर अडलेय, तुम्हाला कधी अटक, समन्स, ताब्यात वगैरे घेतलंय का. नवरा म्हणतो ऑर्डर आहे ना, नाही टाक आणि झोप. मी तीन रात्री लॅपटॉप उघडून बंद करतेय. कागद म्हणाल तर फक्त एक्सपंजमेंटची ऑर्डर आहे, बाकी सगळं नवं घर घेतलं तेव्हा नवऱ्याने श्रेडरमध्ये घातलं. ब्याद गेली म्हणून.

हो टाकू की नाही टाकू?

---

चहाबाज | १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

सरळ नाही टाका. एक्सपंज म्हणजे पुसलं. पुसलेलं परत कशाला उगाळायचं? माझ्या ऑफिसातल्या एकाने नोकरीच्या फॉर्मवर असंच नाही लिहिलं, काही झालं नाही.

---

पाट्यावरची_चटणी | १० फेब्रुवारी, सकाळी ८:०२

चहाबाज, अहो थांबा! नोकरीचा फॉर्म वेगळा आणि हा वेगळा. ताई, कोणी जाणकार येईपर्यंत काहीही सबमिट करू नका.

---

कोर्टाची_पायरी | १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

ओली_माती ताई, नाही वर क्लिक करू नका. मी जर्सीतच एका इमिग्रेशन वकिलांकडे पॅरालीगल आहे, स्वतः वकील नाही, त्यामुळे हे वाचून झाल्यावर वकिलाला तासाभराचे पैसे द्याच. पण असल्या फाइली माझ्या टेबलावरून महिन्यात दोन-तीन तरी जातात म्हणून लिहितेय.

तुमच्या वकिलाचं वाक्य जर्सी राज्यापुरतं बरोबर आहे. राज्याचा कायदा म्हणतो की एक्सपंज झालेली गोष्ट घडलीच नाही असं धरा, काही अपवाद सोडून (उदा. पोलिसात किंवा कोर्टात नोकरीला अर्ज केलात तर तिथे सांगावंच लागतं). घरमालक, साधी नोकरी, शाळेतलं व्हॉलंटियरिंग, तिथे नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण त्याच कायद्यात एक्सपंजमेंटची व्याख्या वाचा, रेकॉर्ड नष्ट करणे असं कुठेही नाही. बाजूला काढणे, सील करणे, वेगळं ठेवणे. कपाट बदललं, कागद जाळला नाही.

आणि इमिग्रेशन हे फेडरल. ते राज्याच्या कपाटाला विचारत नाहीत. १९९६ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) कन्व्हिक्शनची, म्हणजे दोषी ठरण्याची, स्वतःची व्याख्या केली. गुन्हा कबूल केला किंवा कोर्टाने दोषी धरलं, आणि वर काहीतरी शिक्षा, दंड किंवा बंधन घातलं, की इमिग्रेशनसाठी ते कन्व्हिक्शन, मग राज्य नंतर त्याला डिसमिस म्हणो नाहीतर आणखी काही. १९९९ मध्ये रोल्डान नावाच्या केसमध्ये इमिग्रेशन अपील बोर्डाने स्पष्टच सांगितलं की राज्याने नंतर दया दाखवून पुसलं तरी आमच्या लेखी ते पुसलं जात नाही.

आता जरा कडू भाग. जर्सीच्या कंडिशनल डिसमिसलमध्ये आधी गिल्टी प्ली द्यावी लागते (किंवा कोर्ट दोषी ठरवतं), फक्त जजमेंट लावत नाहीत, वर्षभर थांबतात. म्हणजे कबुली आली आणि बंधनही आलं. तुमच्या वकिलाला तो स्वस्त सुटकेचा मार्ग वाटला, सिटिझन माणसासाठी तो आहेही. ग्रीन कार्डवाल्यासाठी तो सापळा आहे. सुपीरियर कोर्टातल्या पीटीआयमध्ये (प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन, खटल्याऐवजी देखरेखीखाली ठेवायचा कार्यक्रम) बहुतेक वेळा प्ली द्यावी लागत नाही म्हणून तो प्रकार वेगळा पडतो. तुमच्या वेळी गावच्या एखाद्या ऑर्डिनन्सखाली (स्थानिक नियमाखाली), आरडाओरडा वगैरेसारख्या, केस उतरवून मागता आली असती का हे विचारायला हवं होतं. त्याने तुम्हाला तुम्ही सिटिझन आहात का हे विचारलं होतं का?

आता घाबरू नका, चांगलं पण आहे. २०० डॉलरच्या आतलं शॉपलिफ्टिंग जर्सीत डिसऑर्डर्ली पर्सन्स ऑफेन्स (किरकोळ गुन्हा), जास्तीत जास्त सहा महिने. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांत असा एकच गुन्हा झाला असेल तर डिपोर्टेशनसाठी त्याला वर्षभर किंवा जास्त शिक्षा होऊ शकणारी असावी लागते. तुमचं त्यात बसत नाही. आणि सिटिझनशिपसाठी चारित्र्य मुख्यतः मागची पाच वर्षं बघतात, तुमचं २०१७ चं. म्हणजे खरं लिहिलंत तर बहुधा पार होतं. खोटं लिहिलंत तर ते आजचं, शपथेवरचं खोटं, आणि ते ९४ डॉलरपेक्षा फार महाग पडतं. सिटिझनशिप मिळाल्यानंतरसुद्धा काढून घेतल्याच्या केसेस आहेत.

फॉर्मवरच्या सूचना नीट वाचा, एक्सपंज किंवा सील झालेलं असेल तरीही लिहा असंच म्हटलंय.

---

खडूस_काका | १० फेब्रुवारी, दुपारी ३:११

एवढं लांबलचक कशाला? चोरी ती चोरी. डायपर काय नि सोनं काय. आम्ही १९८४ ला आलो तेव्हा एक पेन्सिल उचलली नाही.

---

पाट्यावरची_चटणी | १० फेब्रुवारी, दुपारी ३:१९

काका, सेल्फ चेकआउट तरी होतं का हो १९८४ ला? सात महिन्यांचं पोर कडेवर घेऊन एकदा स्कॅन करून बघा, मग पेन्सिलींचा हिशोब सांगा.

---

डॅलसकर | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४४

पायरी ताई म्हणत्यात ते शंभर टक्के. आमच्या साडूचं टेक्सासात अगदी हेच झालं, तिकडं त्याला डिफर्ड ॲडज्युडिकेशन म्हणतात. जज म्हणतो तू गिल्टी म्हणालास पण मी तुला दोषी ठरवत नाही, प्रोबेशन नीट कर आणि घरी जा. साडू खूश, वकील खूश, सगळ्यांनी बिर्याणी खाल्ली. वर नॉनडिस्क्लोजर ऑर्डर घेतली, म्हणजे पब्लिकला दिसत नाही. (टेक्सासात एक्सपंक्शन वेगळं आणि नॉनडिस्क्लोजर वेगळं बरं का, एक्सपंक्शन सहसा केस कन्व्हिक्शनशिवाय सुटली तरच, लोक दोन्ही एकच समजत्यात.) पाच वर्षांनी सिटिझनशिपला गेला आणि इंटरव्ह्यूवाल्या बाईनं प्रिंटआउटच काढून समोर ठेवला. साडूनं फॉर्मवर नाही लिवलं होतं. त्यानंतर दीड वर्ष त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, वकिलाचा खर्च वेगळा. शेवटी सुटला पण ते दीड वर्ष कोणी परत देत नाही.

---

ओली_माती | १० फेब्रुवारी, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं म्हणणं मी रोज स्वतःला सांगतच असते, त्यामुळे राग नाही.

पायरी ताई, नाही विचारलं त्याने. म्हणजे मला तरी आठवत नाही.

आणि हे वाचताना एक गोष्ट एकदम लख्ख आठवली. २०२२ मध्ये, म्हणजे एक्सपंजमेंटनंतर दोन वर्षांनी, आम्ही पुण्याहून परत येत होतो. नेवार्कला काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट स्कॅन केला, स्क्रीनकडे बघितलं आणि आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. पाऊण तास. मग एका ऑफिसरने बोलावून फक्त एवढंच विचारलं, २०१७, शॉपलिफ्टिंग, काय घेतलं होतं? मी म्हटलं डायपर. त्याने मान हलवली आणि शिक्का मारला. नवरा तेव्हा म्हणाला जुना डेटा असेल, अपडेट व्हायचा असेल. आम्ही दोघांनी तो विषय तिथेच ट्रॉलीवर सोडला.

---

कोर्टाची_पायरी | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:५५

बघा, तुमच्याच आठवणीत उत्तर होतं. अटकेच्या वेळचे ठसे फेडरल डेटाबेसमध्ये गेले, तिथून होमलँड सिक्युरिटीने स्वतःची नोंद केली. जर्सीचा न्यायाधीश जर्सीच्या ऑफिसांना ऑर्डर देतो, विमानतळावरच्या स्क्रीनला नाही.

आता कामाचं बोलू. तुम्हाला हवंय सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे केसचा शेवट काय झाला याचा कोर्टाचा उठावदार शिक्क्याचा कागद. एक्सपंजमेंटच्या ऑर्डरमध्ये तो तपशील पुरेसा नसतो. इंटरव्ह्यूला तो मागतातच. आणि गंमत (गंमत कसली डोंबल) अशी की एक्सपंज झाल्यावर म्युनिसिपल कोर्टाच्या खिडकीवर गेलात तर ती बाई कायद्याने तुम्हाला सांगणार, असं रेकॉर्डच नाही. तुमचंच रेकॉर्ड, तुम्हालाच मिळत नाही. म्हणून आमच्याकडे जो क्लायंट एक्सपंजमेंट करतो म्हणतो त्याला साहेब आधी चार सर्टिफाइड प्रती आणायला पाठवतात, मगच अर्जाला हात लावतात.

तुमच्याकडे तीन वाटा आहेत. पहिली, जुना वकील. जर्सीत वकिलाला क्लायंटची फाइल सात वर्षं ठेवावी लागते, तुमची मुदत अजून आहे. आजच फोन करा. दुसरी, एफबीआयकडून स्वतःचं रेकॉर्ड मागवा, १८ डॉलर आणि बोटांचे ठसे, म्हणजे त्यांच्या स्क्रीनवर काय उरलंय ते आधी कळेल. तिसरी, सुपीरियर कोर्टात मोशन. एक्सपंजमेंटच्या कायद्यातच कलम २सी:५२-१९ आहे, सबळ कारण दाखवलं तर सील केलेलं रेकॉर्ड बघायची परवानगी कोर्ट देऊ शकतं. वेळखाऊ आहे पण होतं.

---

निवांत | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:०६

थोडं अवांतर. माझी केस मारिजुआनाची होती, कॉलेजात असताना, जर्सीतच. २०२१ मध्ये कायदा बदलला तेव्हा राज्याने आपणहून ३,६०,००० च्या वर केसेस एका फटक्यात एक्सपंज केल्या, त्यात माझी गेली, मला अर्जसुद्धा करावा लागला नाही. छान वाटलं. आणि मग गेल्या वर्षी नवीन नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये तीच केस परत वर आली! चेक करणाऱ्या कंपनीने कोर्टाचा डेटा कधीतरी आधीच विकत घेऊन ठेवलेला, तो तसाच. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली लेखी डिस्प्यूट टाकला, ऑर्डरची कॉपी जोडली, तीस दिवसांच्या आत काढलं. पण तोवर एचआरवाली मला बोलताना जरा जास्तच गोड बोलत होती.

मी इथेच जन्मलोय त्यामुळे इमिग्रेशनची भानगड नाही. पण माझ्यासोबत पकडलेला रूममेट एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर होता. त्याची केस पण तशीच पुसली गेली, व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर मात्र त्याला दर वेळी हो लिहावं लागतं.

---

भिजकी_चप्पल | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३२

मी मास्टर्स करतोय जर्सी सिटीत. डीयूआय पण एक्सपंज होतं का? मित्रासाठी विचारतोय (खरंच मित्रासाठी).

---

कोर्टाची_पायरी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५८

चप्पल, जर्सीत नाही. इथे दारू पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा नसून ट्रॅफिकचा प्रकार धरतात, टायटल ३९ खाली, आणि ट्रॅफिकची गोष्ट एक्सपंजच होत नाही. दुसऱ्या राज्यात वेगळं असेल. पण मित्राला सांग खरी अडचण पुसण्याची नाही. नोव्हेंबर २०१५ पासून नुसती डीयूआयची अटक झाली तरी स्टेट डिपार्टमेंट व्हिसा रद्द करू शकतं, केसचा निकाल लागायच्या आधीच. तो देशाबाहेर गेला की नवा व्हिसा, नवा मेडिकल. डिसेंबरमध्ये बहिणीच्या लग्नाला जायचं असेल तर तिकीट काढायच्या आधी वकिलाशी बोलायला सांग.

---

भिजकी_चप्पल | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०१

लग्न मे मध्ये आहे. म्हणजे मित्राच्या बहिणीचं.

---

कॅलिफोर्नियाची_कैरी | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

आमच्याकडचं सांगते म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग. कॅलिफोर्नियात १२०३.४ नावाचं कलम आहे, लोक त्यालाच एक्सपंजमेंट म्हणतात, इमिग्रेशनला त्याचाही उपयोग शून्य. पण २०१७ पासून दुसरं एक कलम आहे १४७३.७, ते खरं सोनं. तुम्ही प्ली देताना इमिग्रेशनचे परिणाम तुम्हाला कळलेच नव्हते हे दाखवता आलं तर ते कन्व्हिक्शनच कोर्ट रद्द करतं. फरक असा की एकात दया दाखवून पुसलंय आणि दुसऱ्यात मुळात प्लीच चुकीची होती असं कोर्ट म्हणतंय. इमिग्रेशन बोर्ड हा दुसरा प्रकार मानतं (२००३ ची पिकरिंग केस).

आणि वकिलाने विचारलं नाही याबद्दल, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने पडिया केसमध्ये सांगून टाकलंय की क्रिमिनल वकिलाने परदेशी क्लायंटला डिपोर्टेशनचा धोका सांगायलाच हवा. तो माणूस व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला, चाळीस वर्षं ग्रीन कार्डवर, ट्रक चालवायचा. वकील म्हणाला तू इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नको, आणि त्याने प्ली दिली. ओली_माती, तुमच्या वकिलाने न सांगणं ही त्याची चूक होती, तुमचा मूर्खपणा नव्हे.

---

पेठेबाहेरचा | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१५ (भारतीय वेळ काय ते तुम्हीच बघा)

पुण्यात वकिली करतो. हे सगळं वाचून हेवा वाटला हो, निदान तुमच्याकडे पुसायला फडकं तरी आहे. आपल्याकडे शिक्षा झाल्यावर रेकॉर्ड सील करायचा असा सरसकट कायदाच नाही. एफआयआर क्वॅश (रद्द) करायला हायकोर्टात जावं लागतं, पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४८२, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८. आपसातलं भांडण मिटलं असेल तर ग्यान सिंग (२०१२) च्या आधारावर होतं. अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ आहे, त्यात मात्र रेकॉर्ड नष्ट करायचं असं खरंच लिहिलंय. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायदा १९५८ चा, कलम १२, त्याखाली सोडलं तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, हे निम्म्या ज्युनिअरना माहीत नसतं.

बाकी राजकीय आंदोलनातले खटले मागे घ्यायचे जीआर आपल्याकडे निघतात, तेव्हा रेकॉर्ड स्वच्छ ठेवायचं असेल तर गुन्हा मोर्चात करावा.

माझ्याकडे दर पोलीस भरतीला दोन-चार पोरं येतात. गावच्या यात्रेत हाणामारी झालेली, निर्दोष सुटलेला, पण चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर कोणीतरी सांगितलं म्हणून नाही लिहिलेलं. सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग (२०१६) मध्ये नियम घालून दिलेत, किरकोळ गोष्ट असेल तर नोकरी देणारा माफ करू शकतो, पण लपवलं हा मुद्दा वेगळा धरतात. आपली पोरं केसने कमी आणि त्या एका रकान्याने जास्त मरतात.

---

चहाबाज | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

माझा वरचा सल्ला मागे घेतो. डिलीट करता येत नाहीये, एक्सपंज करा कोणीतरी.

---

संपादक | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:००

प्रतिसाद उडवले जाणार नाहीत, ठळक अक्षरात "चुकीचा सल्ला" अशी टीप टाकली आहे. खडूस_काकांना वैयक्तिक उत्तरं पुरे.

---

ओली_माती | ३ मार्च, रात्री ११:०२

अपडेट. त्या जुन्या वकिलाला फोन केला. आता सेमी-रिटायर्ड आहे, ऑफिस घराच्या बेसमेंटमध्ये. आधी म्हणाला फाइल नसेल, मी सात वर्षांचा नियम सांगितल्यावर म्हणाला शनिवारी ये.

गेले. पाणी गळून खोक्यांचे खालचे कोपरे फुगलेले, त्यातून त्याने माझं बदामी फोल्डर काढलं. आत समन्स, पोलिसांचा रिपोर्ट, ब्लँकेटांच्या किमतीसकट दुकानाची यादी, आणि एक्सपंजमेंटच्या अर्जाला जोडायला मागवलेल्या डिस्पोझिशनची एक जादा सर्टिफाइड प्रत. शिक्क्यावर बोट फिरवलं तर अजून खरखरीत लागत होता. सगळ्यात वर माझा पहिल्या दिवशी भरलेला फॉर्म, नाव, पत्ता, नोकरी, मुलं. त्यात एक ओळ होती, सिटिझन: हो / नाही. दोन्ही चौकोन कोरे.

त्याने पण ते बघितलं. काही बोलला नाही. फोटोकॉपीचे पैसे घेतले नाहीत.

एफबीआयचा रिपोर्टही आला, त्यात काहीच नाही, कोरा. म्हणजे जर्सीने त्यांचं काम केलंय. पण नेवार्कच्या त्या खोलीतला स्क्रीन वेगळा, हे आता कळलंय. इमिग्रेशन वकील केला, हो टाकून, अर्धं पान खुलासा जोडून फॉर्म गेला. ७१० डॉलर.

खुलासा लिहिताना "चुकून राहिलं" असं लिहिलं होतं, वकिलाने काट मारली. म्हणाली तू कोर्टात गिल्टी म्हणालीस, आता इथे चुकून म्हणालीस तर दोन गोष्टी होतात. जे घडलं तेवढंच लिही. मग लिहिलं, खालच्या रॅकवरच्या तीन वस्तूंचे पैसे न देता मी दुकानाबाहेर पडत होते. एक वाक्य लिहायला दोन तास लागले.

---

खडूस_काका | ४ मार्च, सकाळी ६:३०

बरं झालं.

---

पाट्यावरची_चटणी | ४ मार्च, सकाळी ६:४१

काका?? तब्येत बरी आहे ना?

---

ओली_माती | २२ जुलै, दुपारी ४:१७

आज नेवार्कला इंटरव्ह्यू झाला. सिव्हिक्सचे (नागरिकशास्त्राचे) पहिले सहा प्रश्न बरोबर आले म्हणून तिथेच थांबला. मग फॉर्मची पानं उलटत उलटत त्या प्रश्नावर आला, लाल पेनने हो भोवती गोल केला, डिस्पोझिशन मागितलं, मूळ प्रत बघून कॉपी ठेवून घेतली. विचारलं, त्यानंतर काही? नाही म्हटलं. एक्सपंजमेंटची ऑर्डर मी पुढे केली तर ती त्याने हातातही घेतली नाही. चार मिनिटं असतील सगळी मिळून. रेकमेंडेड फॉर अप्रूव्हल असा कागद दिला.

पार्किंगमध्ये येऊन पहिला फोन आईला केला, सातारला. तिला २०१७ चं काहीच माहीत नव्हतं. आज सांगितलं. ती एवढंच म्हणाली, मी तेव्हा अजून महिनाभर राहायला पाहिजे होतं.

---

कोर्टाची_पायरी | २२ जुलै, संध्याकाळी ५:५०

🙏 शपथविधी होईपर्यंत काही बदललं, साधं तिकीट जरी मिळालं, तरी त्या दिवशीच्या फॉर्मवर लिहायचं असतं, विसरू नका. तोवर गाडी हळू.

---

नवा_सदस्य_कळवा | २३ जुलै, रात्री १२:०९

सगळा धागा वाचला. माझं पण असंच आहे, जर्सी, २०१९, कंडिशनल डिसमिसल. मागच्या आठवड्यात एक्सपंजमेंटच्या वकिलाला पैसे भरले, तो सोमवारी अर्ज ई-कोर्टवर टाकणार आहे. माझ्याकडे डिस्पोझिशन नाही. ग्रीन कार्ड आहे. आता काय करू?

---

ओली_माती | २३ जुलै, रात्री १२:१४

वकिलाला आत्ता ईमेल टाक, सोमवारी काही टाकू नको म्हणून. सकाळी ज्या कोर्टात केस होती तिथल्या खिडकीवर जा, फोटो आयडी आणि केस नंबर घेऊन. सर्टिफाइड म्हणून माग, साधी कॉपी देतील ती चालत नाही. चार प्रती घे. आणि नवऱ्याच्या हातात देऊ नको.